समेवर पडलेली पूड

माझ्या डोक्यावर चुन्याची पूड पडली तेव्हा वर बाल्कनीत बायका हसत होत्या.

रविवारची दुपार होती. आमच्या कुंभारगीच्या कलामंदिरात इलाही मुजावरच्या एकपात्री कार्यक्रमाची रंगीत तालीम चालली होती आणि मंडळाच्या सभासदांच्या घरच्यांना बघायला बोलावलं होतं. इलाही रंगमंचावर एकटाच उभा राहून लग्नात माईकवरून आहेर पुकारणारा मामा करत होता. "मुलीच्या चुलत आत्याकडून एक स्टीलची बादली! बादलीला कडी नाही, पंचांनी ध्यानात ठेवावं!" असं तो ओरडला आणि वरच्या बायका पाय आपटून हसल्या. मी बरोबर खालच्या रांगेत. शर्टावर पांढरं पडलं. मी झटकलं. पुढच्या विनोदाला पुन्हा पडलं.

मी वर बघितलं.

आमची बाल्कनी चार लोखंडी तुळयांवर उभी होती. मधल्या एका तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथला गिलावा सुटला होता आणि अंगठा जाईल एवढी फट पडली होती. बायका हसल्या की ती फट रुंद व्हायची, हसू थांबलं की अरुंद. मी उठलो आणि गुपचूप दाराशी जाऊन उभा राहिलो. सांगायला लाज वाटते, पण वर माझी आई आणि बायको बसलेली असताना मी आधी स्वतः बाहेर सरकलो. आई म्हणायचीच, ह्याला स्वतःची सावली आडवी गेली तरी हा घाम पुसेल. खोटं नव्हतं ते.

मी सुकुमार मगदूम. पोटासाठी यंत्रमागावरचा जॉबर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा, आणि जिवासाठी तबलजी. ही गोष्ट पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीची. तेव्हा मी पस्तिशीत होतो.

तालीम संपल्यावर मी इलाहीला हाताला धरून आणलं. "वर बघ."

"फट हाय," तो म्हणाला. "गावातल्या कुठल्या भिंतीला न्हाई?"

"तुझ्या विनोदाला हलती ती."

"आरं वा! आजवर माणसं हलत नव्हती, आता भिंती हलाय लागल्या." मग त्यानं माझं तोंड बघितलं आणि त्याचं हसू मावळलं. "खरंच हलती?"

मी शर्टाची बाही दाखवली. त्यानं बोटानं पूड चोळून बघितली. "दादासाहेबास्नी सांग," म्हणाला. "आजच्या आज."

दादासाहेब इंगळे आमच्या मंडळाचे अध्यक्ष. मी गेलो तेव्हा ते कलामंदिराच्या दारात खुर्ची टाकून बसले होते आणि पेंटर फळा रंगवत होता. वरती 'आगामी कार्यक्रम'. खाली 'शनिवार, सायंकाळी पाच : कै. बाबगोंडा आण्णा चौगुले स्वरस्मरण. गायिका सौ. विजयमाला. तबला : सुकुमार मगदूम'. त्याखाली 'रविवार, सायंकाळी पाच : इलाही मुजावर यांचा धमाल एकपात्री, पोट दुखल्यास मंडळ जबाबदार नाही'.

"दादासाहेब, बाल्कनी बंद ठेवायला पायजे."

त्यांनी पेंटरला 'सायंकाळी'तला काना सरळ करायला सांगितला आणि मग माझ्याकडे वळले. "का?"

मी फट सांगितली. पूड सांगितली. ते ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा आंबट होत गेला.

"सुकुमार, ही बाल्कनी माझ्या वडलांनी डोक्यावर पाट्या वाहून उभी केलीय. गावानं श्रमदान केलं, तुझा बापबी होता त्यात. तीस वर्सं झाली."

"तेच म्हणतोय. तीस वर्सं झाली."

"आणि बायका कुठं बसवायच्या?"

आमच्याकडे बायका बाल्कनीत बसायच्या. असा नियम कुणी केला नव्हता, पण पहिल्या दिवसापासून तसंच होतं. खाली पुरुष, वर बायका. खाली जागा दिली तरी निम्म्याजणी आल्या नसत्या, आणि राहिलेल्यांच्या सासवांनी त्यांना येऊ दिलं नसतं.

बरंच बोलणं झालं. शेवटी इलाहीनं येऊन सांगितलं की बाल्कनीत माणसं असतील तर मी विनोद करणार नाही, फक्त कविता वाचून दाखवीन. त्याच्या कविता दादासाहेबांनी ऐकल्या होत्या. ते नरमले. रविवारी डाव्या बाजूच्या खुर्च्या बायकांसाठी राखायच्या, मधे दोरी बांधायची आणि वर कुलूप घालायचं असं ठरलं.

"आणि शनिवारी?" दादासाहेबांनी विचारलं. "शनिवारी गावातल्या सगळ्या बायका येणार. आण्णांच्या नावाचा कार्यक्रम. त्या खाली मावणार न्हाईत."

"गाण्याला काय भ्या न्हाई," मी म्हणालो. "गाण्याला माणसं गप बसत्यात. भ्या हसण्याचं हाय."

हे वाक्य माझं. दुसऱ्या कुणाचं नाही.

गवंडी आला, त्यानं फटीत सिमेंट दाबलं आणि वरून चुना फिरवला. भिंत नव्यासारखी दिसायला लागली. मला दोन रात्री झोप लागली नाही ती नाहीच.

बाबगोंडा आण्णा माझे गुरू. आठव्या वर्षी त्यांनी मला मांडीशी बसवून पहिला 'धा' वाजवायला लावला. पंचक्रोशीतल्या भजनी मंडळांना त्यांनीच ताल शिकवला. त्यामुळे कुंभारगीत बेताल टाळी ऐकू येत नाही. भाजी निवडतानासुद्धा आमच्या बायका समेवर देठ मोडतात, असं इलाही म्हणायचा. सम म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा, जिथं सगळ्यांचे हात एकदम पडतात. आण्णा जाऊन वर्ष झालं होतं.

विजयमाला, आमची विजू, त्यांची एकुलती मुलगी. लग्न होऊन सांगलीला गेली आणि तिचं गाणं स्वयंपाकघरात गेलं. सासऱ्यांना सुनेनं चारचौघांत गायलेलं आवडत नव्हतं. ह्या एका कार्यक्रमासाठी त्यांनी कशीबशी परवानगी दिली होती.

"मामंजी स्वतः येणार आहेत, सुकुमारदादा," शुक्रवारी तालमीला बसल्यावर ती म्हणाली. "म्हणालेत, वडलांसाठी एकदा गा. लोकांनी मानानं ऐकलं तर पुढचं बघू."

"म्हणजे परीक्षा हाय म्हण की."

"परीक्षाच. पण तू आहेस म्हणून मी बसतेय. तुझा हात असला की मला आण्णा असल्यासारखं वाटतं." तिनं पेटीचा भाता उघडला. "घे. होडीचं पद आधी घेऊ."

होडीचं पद आण्णांनी स्वतः रचलेलं. नदीकाठी उभं राहून नावाड्याची वाट बघणाऱ्या माणसाचं. कार्यक्रमाचा शेवट नेहमी त्यानंच व्हायचा. धुमाळीचा ठेका, सुरुवातीला संथ, आणि अंतऱ्या-अंतऱ्याला वाढत जाणारी लय. विजू त्या दिवशी असं काही गायली की माझे डोळे भरून आले. मला वाटलं, ही पास होणार. आता हिला कुणी अडवत नाही.

शनिवारी दुपारी घरी बायको, रत्ना, मोगऱ्याचा गजरा ओवत बसली होती. "अहो, आम्ही वर पुढच्या रांगेत बसतोय. आत्ती, मी आणि प्राजू. तुम्ही स्टेजवरनं दिसायला पाहिजे, असं प्राजूचं म्हणणं आहे."

आत्ती म्हणजे माझी आई, प्राजू म्हणजे माझी लेक. सहा वर्षांची.

"मागं बसा की," मी म्हणालो.

"का?"

"उगंच."

"तुमचं भ्यायचं संपणार कधी हो?" रत्ना हसली. "गवंड्यानं केलंय ना नीट?"

मीच सांगितलं होतं गाण्याला भ्या नाही म्हणून.

पाच वाजता नारळ फुटला. रंगमंचाच्या उजव्या हाताला आण्णांचा फोटो, त्याला हार, पुढं समई. पहिल्या रांगेत आण्णांच्या पत्नी चंपाक्का, त्यांच्या शेजारी विजूचे सासरे, काठीवर दोन्ही हात ठेवून बसलेले. निवेदनाला इलाही. आणि समोर, वर, बाल्कनी. दीडशे बायका असतील. कठड्याला झेंडूच्या माळा बांधल्या होत्या. पुढच्या रांगेत प्राजू कठड्यावर हनुवटी टेकून मला हात करत होती.

पहिली चार पदं छान झाली. माणसं गप्प ऐकत होती, अगदी मी म्हणालो तशी. विजूचे सासरे तिसऱ्या पदाला मान हलवताना दिसले आणि विजूनं माझ्याकडे चोरून बघितलं. चंपाक्का डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. माझी भीती उतरली. मला स्वतःचंच हसू आलं.

मग होडीचं पद सुरू झालं.

ध्रुवपद संपायच्या आत खालून एक टाळी सुरू झाली. मग दहा, मग शंभर. वर सगळा महिला भजनी मंडळाचा गोतावळा, त्या कशाला मागं राहतात! टाळ्या, आणि टाळीबरोबर समेवर पाय. आण्णांनीच शिकवलं होतं त्यांना, हाताचा ताल चुकेल पण पायाचा चुकत नाही म्हणून. पहिला अंतरा झाला, लय वाढली. साऱ्या गावाचा एक हात आणि एक पाय. तबलजीला ह्यापेक्षा मोठं सुख नाही. मीही रंगलो. जोरात वाजवायला लागलो.

दुसऱ्या अंतऱ्यात मी सहज समोर बघितलं. कठड्यावरच्या झेंडूच्या माळा डुलत होत्या. आत वारा नव्हता. मी डोळे बारीक करून बघितलं. माळा समेवर खाली जात होत्या आणि पुढच्या समेपर्यंत वर येत होत्या. बाल्कनीच्या खाली भिंतीवर एक दिवा होता. त्याच्या उजेडात पांढरी पूड पडली. थांबली. पुन्हा पडली. मी हात चालू ठेवून बघत राहिलो. धा वाजला की पूड. धा वाजला की पूड.

ती माझ्या समेवर पडत होती.

मागाच्या कारखान्यात वरच्या मजल्यावर चाळीस माग असतात. म्हातारा फोरमन आम्हाला पहिल्या दिवशी सांगायचा, सगळ्या मागांचे ठोके एकदम पडू द्यायचे नाहीत, एखादा मागं-पुढं ठेवायचा, नाहीतर खालची तुळई जाते. हे मला पंधरा वर्षं पाठ होतं. आणि मी म्हणालो होतो की भ्या हसण्याचं. हसताना प्रत्येकजण आपापलं हसतो. इथं दीडशे बायका एका क्षणाला पाय टाकत होत्या, आणि तो क्षण मी देत होतो. माझ्या हातानं, माझ्या आईच्या, बायकोच्या आणि पोरीच्या पायाखाली.

ओरडावं? वरून उतरायला एकच लोखंडी जिना, एका वेळी एक बाई जाईल एवढा. 'पडतंय' असं कुणी म्हटलं असतं तर जिन्यातच दहा-पंधराजणी चिरडल्या असत्या. दिवे घालवावेत? अंधारात तेच. वाजवायचं थांबावं? आमच्या गावात तबला थांबला तर टाळ्या जास्त जोरात होतात, ठेका धरून ठेवायला. तेही आण्णांनीच शिकवलेलं.

मी लय उतरवली. हळूहळू, कुणाच्या लक्षात येणार नाही अशी. विजूनं बघितलं, पण सांभाळून घेतलं. आणि वरच्या बायकांनीही सांभाळून घेतलं! लय उतरली तशी टाळी उतरली, पण पाय तेवढेच एकत्र, उलट जास्त जड पडायला लागले. माळा पहिल्यापेक्षा खाली गेल्या. गवंड्यानं दाबलेलं सिमेंट निखळून खालच्या एका माणसाच्या मांडीवर पडलं. त्यानं ते उचलून बघितलं, बाजूला टाकलं आणि पुन्हा टाळी धरली.

तिसरा अंतरा आला. प्राजू कठड्यावर हातांनी ताल धरून हसत होती. तिचं माझ्याकडेच बघणं चाललं होतं.

मी मात्रा खाल्ली.

आधी एक. धा जिथं पडायला हवा तिथं पाडलाच नाही. विजू दचकली, पण सुटली नाही, पुढची सम पकडायला धावली. मी ती दीड मात्रा आधी टाकली. मग उशिरा. मग मधेच दोन समा लागोपाठ. आठव्या वर्षापासून जे हातानं कधी केलं नव्हतं ते सगळं केलं. टाळ्या गोंधळल्या. अर्ध्या इकडे, अर्ध्या तिकडे. पाय सुटे सुटे पडायला लागले. विजूनं माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी सांगू शकत नाही. तिनं तीनदा ओळ पुन्हा उचलली आणि तीनदा मी ती पाडली. चौथ्यांदा तिचा आवाज चिरकला आणि ती ओळीच्या मधेच थांबली.

मागून शिटी आली. "तबलजीला लिंबूपाणी द्या!" कुणीतरी ओरडलं आणि माणसं हसली. वर बायकांची कुजबूज सुरू झाली. पाय थांबले होते.

विजूच्या सासऱ्यांनी काठी उचलून गुडघ्यावर आडवी ठेवली आणि फोटोकडे बघायला लागले.

विंगेतून दादासाहेब फणकारले, "सुकुमार, पिऊन आलायस काय?"

मी उठून विंगेत गेलो. दादासाहेबांना ओलांडून इलाहीला धरलं. "तुळई सुटली. वरच्या बायका खाली आण. एकेक. कुणी पळता कामा नये."

इलाहीनं वर बघितलं, माझ्याकडे बघितलं. एक शब्द विचारला नाही. माईक घेतला आणि त्याचा नेहमीचा, सावकाश आवाज लावला. "मंडळी, तबलजीला गुरूच्या आठवणीनं भरून आलंय, घटकाभर त्याला सोडा. आता आण्णांच्या फोटोला फुलं वाहायची. आण्णा म्हणायचे, माझा ताल पुरुषांनी ऐकला आणि बायकांनी राखला. म्हणून मान आधी बायकांचा. पुढच्या रांगेपासून, एकेक करून, मागचीनं पुढचीला ढकलायचं नाही. फूल वाहून इथंच खाली, बाजूला बसायचं. वर कुणी परत जायचं नाही, चंपाक्का खाली सगळ्यांना साखर देणार आहेत."

चंपाक्कांना साखरेचं काही माहीत नव्हतं. पण त्यांनी मान डोलावली. कुणी तरी धावत जाऊन साखर आणली.

मी परत तबल्यामागं जाऊन बसलो. पळालो असतो तर बायकांना संशय आला असता. पहिली रांग उठली. दीडशे बायका माझ्या समोरून गेल्या. फूल ठेवायचं, नमस्कार करायचा, आणि माझ्याकडे एक नजर टाकायची. भजनी मंडळाच्या कृष्णाबाई तर थांबून म्हणाल्या, "आण्णांच्या फोटोम्होरं तरी लाज राखायचीस." मला त्यांचा राग आला नाही. मी त्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघत होतो. किती उरल्या? दोन रांगा. म्हातारी मालुबाई जिन्यात थांबून दम खात होती आणि तिच्यामागं चाळीसजणी बाल्कनीच्या टोकाला, नेमक्या त्या तुळईवर, गर्दी करून उभ्या होत्या.

आई आली. "तोंड काळं केलंस की रं," म्हणाली आणि गेली. रत्ना मान खाली घालून पुढं गेली. प्राजूनं फूल ठेवलं आणि मला विचारलं, "पप्पा, तुम्ही चुकला?"

"व्हय," मी म्हणालो.

शेवटची बाई खाली आली तेव्हा विजू रंगमंचावर नव्हती. सासऱ्यांबरोबर गाडीत बसून ती सांगलीला गेली होती.

त्या संध्याकाळीच मी दादासाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं, ऐकलं होतं. वाजवता येईना बाल्कनी वाकडी, हे आज ऐकलं." पण इलाहीनं वरच्या दाराला कुलूप घालून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली, आणि ती तो कुणाला देईना.

रविवारी त्याचा कार्यक्रम झाला. बायका खाली, दोरीच्या पलीकडे, आणि दोरी कुणालाच आडवी आली नाही. इलाहीनं माझ्यावर पाच मिनिटं विनोद केले. आदल्या रात्री घरी येऊन विचारून गेला होता, "न्हाई केलं तर लोक तुझ्या मागं दारूचंच बोलत बसतील. हसले की विसरतील." मी कर म्हणालो. माणसं पोट धरून हसत होती आणि मी शेवटच्या रांगेत बसून वर बघत होतो.

गाव विसरलं नाही. पाच महिने मला एकाही भजनाचं बोलावणं आलं नाही. कुणी भेटलं की टाळी चुकवून दाखवायचं. आणि सांगलीहून कळलं ते वाईट होतं. विजूचे सासरे एवढंच म्हणाले होते, "बघितलं ना लोक कसे हुर्यो करतात? झालं आता." तिनं पेटी शाळेला देऊन टाकली.

मार्चमध्ये एका दुपारी, कलामंदिर बंद असताना, बाल्कनीचा मधला भाग खाली आला. आवाज बाजारपेठेपर्यंत गेला. खालच्या सात रांगा खुर्च्यांचा चुराडा. आत मांजरसुद्धा नव्हतं.

मग काय, सगळं गाव माझ्या दारात. कृष्णाबाईंनी पाया पडू का विचारलं. दादासाहेब आले आणि ओसरीवर बसून रडले. आईनं माझी दृष्ट काढली. मंडळानं सत्कार ठेवला, शाल-श्रीफळ दिलं, आणि इलाहीनं भाषणात मला असं काही चढवलं की मला तोंड लपवावंसं वाटलं. पण खरं सांगतो, बरंही वाटलं. आयुष्यभर भित्रा म्हणवून घेतलेल्या माणसाला एकदा कुणी धीराचा म्हणालं तर बरं वाटतंच.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी विजू आली. एकटी, एसटीनं. रत्नानं पाणी दिलं, चहा टाकायला आत गेली. विजू भिंतीला टेकून बसली. माझी शाल खुंटीवर होती, तिकडे तिनं बघितलं.

"तुला कधी दिसलं, दादा?"

"दुसऱ्या अंतऱ्यात."

"आणि तू तिसऱ्यात मोडलंस. म्हणजे बराच वेळ होता."

"काय करावं सुचत नव्हतं. थांबलो असतो तर टाळ्या वाढल्या असत्या. ओरडलो असतो तर जिन्यात मेल्या असत्या. लय उतरवून बघितली. दिवे घालवायचंसुद्धा डोक्यात आलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"गाण्याच्या मधे कसं सांगणार, विजू?"

"कसं म्हणजे?" ती सरळ बसली. "डग्ग्यावर पंजा ठेवून माझ्याकडे बघायचंस. एवढंच. मी काय झालं म्हणून विचारलं नसतं. ठेका सोडला असता आणि आलाप घेतला असता. आलापाला कोण टाळी वाजवतं, दादा? आलापात पाय कुठं टाकणार त्या? सगळ्या गप्प बसल्या असत्या. इलाहीभाऊंनी फुलं वाहायला बोलवेपर्यंत मी गात राहिले असते. लागलं तर तासभर. आण्णांच्या समोर, मामंजींच्या समोर."

तिचं खरं होतं. एवढं सोपं होतं. तबल्याच्या पहिल्या वर्षाला असलेल्या पोरालाही सुचलं असतं. मी जिन्याचा विचार केला, दिव्यांचा केला, टाळ्यांचा केला. माझ्यापासून हातभर अंतरावर बसलेल्या गाणारीचा केला नाही.

"तुला वाटलं असेल मी घाबरीन," ती म्हणाली.

"न्हाई." मला खोटं बोलवेना. "तू मला आठवलीसच न्हाईस, विजू."

तिनं मान हलवली. रागावली असती तर बरं झालं असतं. आतून स्टोव्हचा आवाज येत होता.

"आता काय हरकत हाय?" मी म्हणालो. "आता सगळ्यांस्नी खरं कळलंय. तुझ्या सासऱ्यांस्नी मी स्वतः येऊन सांगतो. गावात पुन्हा ठेवू कार्यक्रम, आण्णांच्या नावानं. तू गा."

"आणि वाजवणार कोण?"

"मी."

तिनं माझ्या हातांकडे बघितलं.

"नको, दादा," ती म्हणाली. "मला भीती वाटेल."